पूर्वसूचनेचा अधिकार

संसदेत एखादे विधेयक मंजूर झाले म्हणजे त्याची वार्ता देशभर पसरते. मते किती पडली, भाषण कोणाचे गाजले, विरोधकांनी सभात्याग केला की काय, याची चर्चा घरोघर होते. परंतु ज्या एका साध्या कागदाने त्या विधेयकाचा संसदीय जन्म होतो, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा कागद म्हणजे पूर्वसूचना, अर्थात नोटीस. अमुक विषयावरील विधेयक मांडण्याची परवानगी मागण्याचा आपला मानस आहे, एवढाच मजकूर सभासदाने लिहावयाचा आणि तो सभागृहाच्या सचिवालयात द्यावयाचा. तेथपर्यंत जो एका माणसाच्या मनातील विचार होता, तो त्या क्षणापासून सभागृहाच्या दप्तरातील विषय होतो.

लोकसभेच्या आजच्या नियमांप्रमाणे मंत्री नसलेल्या सभासदाने विधेयकासाठी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. मंत्र्याला सात दिवसांची पुरते. मात्र विधेयकाच्या छापील प्रती निदान दोन दिवस आधी सभासदांच्या हाती पडाव्यात, असा दंडक आहे. हे आकडे ऐकावयास रूक्ष वाटतात. पण ज्या समाजाला शतकानुशतके कायदा दवंडीच्या रूपाने, म्हणजे तो झाल्यानंतरच, कळत आला, त्या समाजाला कायदा होण्याच्या आधी कळू लागावा ही सामान्य गोष्ट नाही. ती आपल्याकडे कशी घडून आली, याच्या इतिहासाची काही महत्त्वाची पाने जुन्या म्हैसूर संस्थानात लिहिली गेली, आणि ती लिहिणाऱ्यांत एक मराठी भाषिक दिवाणही होता.

श्रोत्यांपैकी जे बंगळुरास, म्हणजे आजच्या बेंगळुरूला, जाऊन आले असतील त्यांनी विधानसौधाची भव्य दगडी वास्तू पाहिली असेलच. तिच्या समोर, कब्बन उद्यानाच्या कडेला, तांबड्या रंगाची एक लांबलचक दुमजली इमारत आहे. तेथे आज उच्च न्यायालय भरते. १८६८ साली ती बांधून पूर्ण झाली तेव्हा सरकारची अठरा खाती तिच्यात राहावयास आली, आणि लोक तिला ‘अठ्ठारा कचेरी’ म्हणू लागले. कन्नड मुलखातल्या या नावाचा अर्थ मराठी माणसाला कोणी सांगावा लागत नाही. अठराही आपले आणि कचेरीही आपल्या परिचयाची. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराचा मराठीशी संबंध आहे, आणि पुढे म्हैसूरच्या राज्यकारभारातही कन्नडाच्या जोडीला मराठीतून हिशेबठिशेब राखले जात असत.

१८३१ साली इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार आपल्या हाती घेतला होता. पन्नास वर्षांनी, मार्च १८८१ मध्ये, तो त्यांनी चामराजेंद्र वडियार यांना परत केला. नव्या राजवटीचे पहिले दिवाण रंगाचार्लू यांनी त्याच वर्षी एक अपूर्व उपक्रम केला. दसऱ्याच्या सोहळ्यासाठी संस्थानातले लोक म्हैसुरास जमतच असत. ती संधी साधून त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील जमीनदार आणि व्यापारी यांना बोलावून घेतले. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी १४४ प्रतिनिधींची ही सभा भरली. हीच म्हैसूरची प्रजाप्रतिनिधी सभा. देशी संस्थानांतली अशा प्रकारची ही पहिलीच संस्था होय. दिवाणांनी वर्षभराच्या कारभाराचा अहवाल प्रतिनिधींपुढे ठेवावा आणि प्रतिनिधींनी आपापल्या भागाची गाऱ्हाणी सांगावीत, असा तिचा क्रम होता.

या सभेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. प्रजेसमोर हिशेब मांडावयास राज्याचा मुख्य कारभारी उभा राहतो, हे दृश्य त्या काळी इंग्रजी मुलखातही दुर्मीळ होते. तरीही त्या प्रतिनिधींच्या हाती जो कागद होता तो अर्जाचा होता. अर्ज आणि पूर्वसूचना या दोहोंत मोठे अंतर आहे. अर्जदार आपले मागणे सांगतो आणि धन्याच्या मर्जीची वाट पाहतो. धन्याने अर्ज वाचला तर त्याची कृपा, आणि न वाचला तर दाद कोणाकडे मागावयाची? पूर्वसूचना देणारा सभासद मात्र सभागृहाच्या वेळेवर आपला हक्क नोंदवितो. त्याचे म्हणणे मान्य होवो अथवा न होवो, त्याचा विचार करणे सभागृहाला भाग पडते. १८९१ पासून म्हैसूरच्या सभेत निवडणुकीचे तत्त्व आले. पण अर्जाची पूर्वसूचना होण्यास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

त्या मधल्या काळातले एक उदाहरण बोलके आहे. १८९४ साली म्हैसूर सरकारने बालविवाहास आळा घालणारा कायदा केला. आठ वर्षांखालील मुलीचा विवाह आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचा चौदा वर्षांखालील मुलीशी विवाह, या दोहोंस त्याने बंदी केली. इंग्रजी हिंदुस्थानात सारडा कायदा व्हावयास अजून पस्तीस वर्षे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कायद्याचा मोठेपणा समजतो. परंतु संस्थानात तेव्हा कायदेमंडळ अस्तित्वातच नव्हते. सुधारणा चांगली होती, ती करणारे शहाणे होते. मात्र तिची सुरुवातही सरकारची आणि शेवटचा शब्दही सरकारचाच. तिच्या बाजूच्या वा विरुद्ध बाजूच्या कोणाही प्रजाजनाला स्वतः होऊन मसुदा पुढे आणण्याची सोय नव्हती.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे काम व्ही. पी. माधवराव यांच्या वाट्यास आले. १८५० साली कुंभकोणास जन्मलेले माधवराव हे तंजावरकडील मराठी भाषिक देशस्थ घराण्यातले. एकोजीराजे १६७५ च्या सुमारास बंगळुराहून तंजावरास गेले आणि त्यांच्या राज्यात मराठी कारकुनीची व मुत्सद्देगिरीची जी परंपरा रुजली, तिने एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानला अनेक दिवाण दिले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे नाव मिळविणारे सर टी. माधवराव हे त्यांतले सर्वांत विख्यात. व्ही. पी. माधवराव तरुणपणीच म्हैसूरच्या नोकरीत शिरले. रंगाचार्लूंनी मांडलेला तो प्रयोग त्यांनी जवळून पाहिला होता. पुढे १९०४ साली त्रावणकोरचे दिवाण होताच त्यांच्या कारकिर्दीत तेथे ‘श्रीमूलम् प्रजासभा’ स्थापन झाली. १९०६ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे कायदेमंडळाची स्थापना झाली. तीन वर्षांच्या अवधीत दोन मोठ्या संस्थानांत लोकांच्या मताला जागा करून देणारा असा दिवाण विरळाच.

या कायदेमंडळाचे रूप आजच्या दृष्टीने फारच सीमित होते. दिवाण हे अध्यक्ष. त्यांच्या मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांखेरीज दहा ते पंधरा जादा सभासद असावयाचे; ते सरकारने नेमावयाचे आणि त्यांपैकी निदान दोन पंचमांश बिनसरकारी असावयाचे. एवढ्याशा मंडळाने सरकारला अडविणे शक्य नव्हते, आणि त्याची प्रचीती लवकरच आली. १९०८ साली माधवरावांच्याच कारकिर्दीत वृत्तपत्रांना जखडून टाकणारा कायदा झाला. त्याविरुद्ध संस्थानातल्या पत्रकारांनी मोठी ओरड केली, पण कायदा झाला तो झालाच. ज्याने विचारविनिमयासाठी दालन उघडले, त्याच्याच हातून बाहेरच्या विचारविनिमयावर निर्बंध आले. हा विरोधाभास माधवरावांचे मूल्यमापन करताना झाकून ठेवता येणार नाही. कायद्याचा मसुदा सभागृहाच्या मेजावर ठेवल्याने पूर्वसूचनेचे निम्मेच काम होते. तो वाचून त्यावर निर्भयपणे लिहिणारी वृत्तपत्रे बाहेर नसतील, तर ती सूचना भिंतींपलीकडे पोहोचतच नाही.

याच सुमारास कलकत्त्याला भरणाऱ्या वरिष्ठ कायदेमंडळात दुसरा एक मराठी पुरुष पूर्वसूचनेचे हत्यार कसे चालवावे, याचा वस्तुपाठ घालून देत होता. १९०९ च्या सुधारणांनी तेथील सभासदांना सार्वजनिक हिताच्या विषयांवर ठराव मांडण्याची मुभा मिळाली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८ मार्च १९१० रोजी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावरून तो त्यांनी मागे घेतला. पुढे १६ मार्च १९११ रोजी त्यांनी त्याच विषयाचे विधेयक मांडले. ते प्रांतिक सरकारांकडे मतासाठी गेले, गावोगाव सभा झाल्या, अनुकूल प्रतिकूल लेखांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले.

मतांच्या हिशेबाने हा पराभवच होता. तथापि त्या एका वर्षात सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न मूठभर सुशिक्षितांच्या बैठकीतून निघून देशाच्या चव्हाट्यावर आला. एकदा विधिपूर्वक मांडलेला विचार सभागृहाने नाकारला तरी तो पुसला जात नाही. कोणीतरी, कोठेतरी तो पुन्हा उचलतो. कलकत्त्यास विधेयक पडले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, विश्वेश्वरय्या दिवाण असताना म्हैसूरने प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून निवडक ठिकाणी सक्तीस आरंभ केला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांनी खाजगी सभासद या नात्याने आणलेले विधेयक १९१८ साली मंजूर झाले आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करता येऊ लागले. गोखले त्या आधीच, १९१५ साली, निवर्तले होते.

व्ही. पी. माधवराव मात्र या घडामोडी पाहावयास हयात होते; नुसते हयात नव्हे, तर त्यांत सामील होते. म्हैसूरनंतर त्यांनी काही काळ बडोद्याची दिवाणगिरी केली. सेवानिवृत्तीनंतर ते काँग्रेसच्या कार्यात पडले आणि १९१९ साली काँग्रेसचे जे शिष्टमंडळ विलायतेस गेले, त्यात विठ्ठलभाईंच्या बरोबर तेही होते. हिंदुस्थानच्या राज्यकारभाराच्या नव्या विधेयकाचा विचार तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटपुढे चालला होता. ज्याने दोन संस्थानांत प्रजेला आपले म्हणणे मांडावयास जागा दिली, तो आता स्वतः देशाचे म्हणणे मांडण्यासाठी दुसऱ्यांच्या पार्लमेंटच्या दारी उभा होता.

इकडे म्हैसुरात विश्वेश्वरय्यांच्या काळात कायदेमंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार मिळाला. पुढे म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू ब्रजेंद्रनाथ सील यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९२३ साली संस्थानची घटना नव्याने आखण्यात आली. कायदेमंडळाची संख्या पन्नास झाली, त्यात बिनसरकारी सभासदांचे बहुमत झाले. स्त्री म्हणून मतदानाला जी आडकाठी होती ती दूर झाली. या घटनेतील सर्वांत वेधक कलम मात्र वेगळेच होते. तातडीचा प्रसंग वगळता कोणतेही विधेयक कायदेमंडळात आणण्यापूर्वी त्याच्या मूलतत्त्वांविषयी प्रजाप्रतिनिधी सभेचे मत घेतलेच पाहिजे, असे तिने ठरवून दिले.

या तरतुदीचे वैशिष्ट्य नीट पाहिले पाहिजे. आपण आतापर्यंत ज्या पूर्वसूचनेविषयी बोललो ती सभासदाने सभागृहाला द्यावयाची. येथे तिची दिशा उलटली. सरकारनेच प्रजेच्या प्रतिनिधींना आधी कळवावे, त्यांचे ऐकावे आणि मग मसुदा कायदेमंडळात न्यावा, असा हा क्रम. सभेचे मत सरकारवर बंधनकारक नव्हते, अखेरचा अधिकार महाराजांचाच होता, हे खरे. तरी रंगाचार्लूंच्या काळी जी सभा झालेल्या कारभाराचा अहवाल ऐकत होती, ती बेचाळीस वर्षांनी होऊ घातलेल्या कायद्याची वार्ता ऐकू लागली, हा फरक लहान नव्हता.

त्याचे फळ एका मोठ्या कायद्यात दिसते. १९३३ साली म्हैसूरने हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा केला. विधवा, माता आणि अविवाहित कन्या यांना कुटुंबाच्या मिळकतीच्या वाटणीत हिस्सा देणारा हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुढे होता. १८९४ चा बालविवाहाचा कायदा आणि हा कायदा या दोहोंनी घराच्या आतल्या रूढीला हात घातला. पण पहिला वरून आला. दुसऱ्याला आधी दोन सभागृहांच्या चर्चेतून जावे लागले.

ब्रिटिश हिंदुस्थानात विधवेच्या हक्काचे काम पुढे रेटले ते मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गोपाळराव देशमुख यांनी. ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. सरकारात त्यांना स्थान नव्हते. त्यांच्या हाती होता तो केवळ खाजगी सभासदाचा अधिकार, म्हणजे पूर्वसूचना देऊन विधेयक आणण्याचा. त्या बळावर १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा मंजूर झाला आणि पतीच्या मिळकतीत विधवेला मुलाबरोबरीचा हिस्सा मिळाला. तो हिस्सा तिच्या हयातीपुरताच होता. पूर्ण मालकी मिळण्यास १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याची वाट पाहावी लागली. तरीही पती वारल्यावर दिराजावांच्या दयेवर एका कोपऱ्यात दिवस कंठणाऱ्या असंख्य स्त्रियांना कायद्याने पहिल्यांदाच हक्काने उभे राहण्यास जागा दिली, आणि तिचा उगम एका सभासदाच्या सहीच्या कागदात होता.

स्वातंत्र्यानंतर म्हैसूरची ही दोन्ही जुनी मंडळे १९४९ च्या डिसेंबरात विसर्जित झाली. नव्या राज्यघटनेखालील विधानसभेची पहिली बैठक १८ जून १९५२ रोजी त्याच अठ्ठारा कचेरीत भरली. राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे मुंबई राज्याचे चार जिल्हे म्हैसूरला जोडले गेले, आणि १९ डिसेंबर १९५६ रोजी विस्तारलेल्या राज्याची विधानसभा नव्याने बांधलेल्या विधानसौधात बसली. सीमाभागातील मराठी भाषिकांचे मन या रचनेने दुखावले होते, हे सर्वश्रुत आहे. अशा वेळी सभागृहाच्या नियमांचे मोल अधिकच कळते. संख्येने थोडे असलेल्यांनाही प्रश्नाची, ठरावाची, विधेयकाची पूर्वसूचना देता येते. बहुमताला त्यांचा पराभव करता येतो, पण त्यांची नोंदच होऊ न देणे हे त्याच्या हाती नसावे, यासाठीच हे नियम असतात.

दिल्लीच्या संसदेत या नियमांना वळण देण्याचे श्रेय गणेश वासुदेव मावळणकर यांना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. आयुष्य गेले अहमदाबादेत. मुंबईच्या विधानसभेचे व पुढे मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद भूषवून ते १९५२ साली पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात, १९५३ साली, खाजगी सभासदांची विधेयके व ठराव यांसाठी स्वतंत्र समिती नेमण्यात आली. शुक्रवारच्या कामकाजातले शेवटचे अडीच तास या सभासदांचे असतात, आणि कोणाच्या विधेयकाला अग्रक्रम द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरते. तेथे पक्षाचे बळ चालत नाही.

ठरावांच्या बाबतीतही असेच. मंत्रिमंडळावर अविश्वास दाखविण्याची सूचना एक सभासदही देऊ शकतो. पन्नास सभासद तिच्या पाठीशी उभे राहिले की चर्चा टळत नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानी यांनी असा पहिला ठराव लोकसभेत मांडला. त्याच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. सरकारला धक्का लागला नाही. परंतु चीनच्या आक्रमणानंतर देशाच्या मनात जे खदखदत होते, त्याला सरकारच्या तोंडावर वाचा फुटली.

एवढे असूनही समाधान मानून स्वस्थ बसावे अशी स्थिती नाही. स्वातंत्र्यानंतर खाजगी सभासदांची जेमतेम चौदा विधेयके कायद्याच्या रूपास आली, आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. तेव्हापासून एकही नाही. दुसरीकडे, सरकारी विधेयकांच्या पूर्वसूचनेची मुदत अध्यक्षांच्या परवानगीने कमी करता येते. ही सवलत निकडीच्या प्रसंगासाठी आहे. म्हैसूरच्या १९२३ च्या घटनेतही तातडीचा अपवाद होताच. पण अपवाद हाच रिवाज झाला, सकाळी मसुदा हाती पडला आणि सायंकाळी त्यावर मत द्यावे लागले, तर सभासद त्या मसुद्यावर काय बोलणार? आणि ज्यांना त्या कायद्याखाली राहावयाचे आहे, त्या शेतकऱ्याला, कामगाराला, गृहिणीला आपल्या प्रतिनिधीस दोन शब्द कळविण्यास वेळ तो कोठून मिळणार?

१८८१ साली दसऱ्याला जमलेले ते १४४ प्रतिनिधी गाऱ्हाणी सांगून आपापल्या गावी परतले, तेव्हा पुढे काय होणार हे त्यांच्या हाती नव्हते. आपल्या प्रतिनिधींच्या हाती आज पूर्वसूचनेचा कागद आहे. तो मिळविण्यास दोन पिढ्यांहून अधिक काळ लागला, आणि त्यासाठी दिवाणांनी, अध्यक्षांनी व साध्या सभासदांनी आपापल्या परीने कष्ट केले. म्हणून वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात, अमुक सभासदाने अमुक विधेयकाची सूचना दिली, अशी दोन ओळींची बातमी दिसली तर ती डोळ्यांआड करू नये. त्या मसुद्याविषयी आपले बरे वाईट मत आपल्या प्रतिनिधीस कळविण्याची वेळ तीच असते.